मेजर जनरल बँक्स आणि १६ मे १८६१ ही तारीख

दप्तरदार

मागच्या धाग्यात अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५, उत्तर विरुद्ध फुटून निघालेली दक्षिण) राजकारणातून थेट सेनापती झालेल्यांची चर्चा बटलर आणि सिकल्स यांच्यावरच अडकली. उत्तरेच्याच नॅथॅनियल प्रेंटिस बँक्सच्या वाट्याला "रेड रिव्हरवर (लुइझियानातली नदी) माती खाल्ली" एवढं एकच वाक्य आलं. ते खरं आहे. पण माती नक्की कुठे खाल्ली, आणि तीन वर्षं सतत हरूनही हा माणूस हुद्द्यावर कसा राहिला, हे एका वाक्यात मावत नाही. म्हणून वेगळा धागा.

युद्धाआधीचं भराभर उरकतो. जन्म ३० जानेवारी १८१६, वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स. बाप सूतगिरणीत फोरमन. पोरगा त्याच गिरणीत भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवायच्या कामाला, म्हणजे आपल्या गिरणगावातला डॉफर. 'बॉबिन बॉय' हे नाव तिथून चिकटलं आणि पुढे निवडणुकांत त्याने ते मिरवलंही. शाळा बेताची. वकिलीची सनद घेतली, वकिली केली नाही. भाषण मात्र फर्डं. १८४९ पासून राज्याच्या विधिमंडळात, १८५१ मध्ये तिथला सभापती, १८५३ पासून वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात.

त्याचं देशभर नाव झालं ते सभापतिपदाच्या निवडणुकीमुळे. डिसेंबर १८५५ मध्ये गृह भरलं आणि गुलामगिरीच्या वादात सभापतीच निवडता येईना. दोन महिने मतदान चाललं. शेवटी २ फेब्रुवारी १८५६ ला ठराव झाला की आणखी तीन फेऱ्यांत कुणालाच बहुमत मिळालं नाही, तर चौथ्या फेरीत सर्वांत जास्त मतं घेणारा निवडून आला असं धरायचं. ही फेरी १३३वी. बँक्स १०३, साउथ कॅरोलिनाचा विल्यम एकन १००. पुढे जानेवारी १८५८ पासून एकेक वर्षाच्या तीन मुदती मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर, आणि युद्ध सुरू झालं तेव्हा शिकागोत इलिनॉय सेंट्रल रेल्वेत मोठ्या पगारावर. पक्षांचं म्हणाल तर तोवर डेमोक्रॅट, मग नो-नथिंग (परदेशातून येणाऱ्यांच्या विरोधातला पक्ष), मग रिपब्लिकन असे तीन झाले होते.

१६ मे १८६१ रोजी लिंकनने त्याला स्वयंसेवक सैन्याचा मेजर जनरल नेमलं. लढाईचा अनुभव शून्य.

नाम्या

वाचतोय. पण एक बाळबोध प्रश्न. वेस्ट पॉइंटमधून शिकून आलेले अधिकारी हाताशी असताना लिंकनला ही अवदसा का आठवली?

दप्तरदार

@नाम्या, सैन्यच नव्हतं म्हणून. युद्धाआधी खडं सैन्य सोळा हजारांच्या आसपास, तेही बहुतेक पश्चिमेच्या सरहद्दीवर विखुरलेलं. माणसं राज्यांतून, गव्हर्नरांकडून, गावोगावच्या सभांतून उभी करायची होती. ज्याच्या नावावर न्यू इंग्लंडमध्ये हजार माणसं नोंदवतात त्याला हुद्दा द्यावाच लागतो. शिवाय बँक्स जुना डेमोक्रॅट, त्यामुळे हे एकाच पक्षाचं युद्ध नाही हेही दिसतं. भरती, कर्ज, मतं या तिन्ही खात्यांवर तो कामाचा होता. रणांगणाच्या खात्यावर नव्हता, आणि ते लिंकनलाही कळत होतं.

तोफखाना

यात एक तांत्रिक बाब आहे ती सोडू नका. दोन अधिकारी एकाच हुद्द्याचे असतील तर ज्याच्या सनदेची तारीख जुनी तो वरचढ. डिक्स, बँक्स आणि बटलर या तिघांच्या सनदा एकाच दिवशीच्या, १६ मे १८६१. स्वयंसेवक सैन्याच्या मेजर जनरलांत यांच्या आधीचं कुणी नाही. ग्रँट (पुढे उत्तरेचा सरसेनापती) मेजर जनरल झाला १६ फेब्रुवारी १८६२ ला, शर्मन त्याच्याही नंतर. म्हणजे ग्रँट आणि बँक्स एका छावणीत आले असते तर कायद्याने सेनापती बँक्स.

हे कागदावरचं वाटतं, पण १८६३ च्या मे महिन्यात ग्रँट व्हिक्सबर्गच्या (मिसिसिपी नदीवरचा दक्षिणेचा बालेकिल्ला) खाली नदी ओलांडून उभा होता तेव्हा नेमका हाच पेच होता. वॉशिंग्टनची इच्छा होती की दोघांनी फौजा एकत्र करून आधी त्याच नदीवरचं पोर्ट हडसन घ्यावं. बँक्स तेव्हा लुइझियानात पश्चिमेला गुंतलेला. ग्रँटने वाट न पाहता आतल्या भागात मुसंडी मारली. कारणं म्हणून त्याने वेळ आणि रसद यांचा हिशेब दिला आणि तो बरोबरही होता. पण थांबला असता तर हाताखाली गेला असता, हे न कळण्याइतका ग्रँट भोळा नव्हता.

रानजाई

@तोफखाना, थोडी दुरुस्ती. एप्रिल १८६२ मध्ये काँग्रेसने संयुक्त ठराव करून राष्ट्राध्यक्षाला अधिकार दिला होता की समान हुद्द्याच्या अधिकाऱ्यांत तारीख न बघता कुणालाही सेनापती नेमता येईल. जून १८६२ मध्ये जनरल जॉन पोपला फ्रिमाँट, बँक्स आणि मॅकडॉवेल यांच्या डोक्यावर बसवलं ते याच जोरावर. पोप तिघांनाही कनिष्ठ. फ्रिमाँटने अपमान मानून पद सोडलं. बँक्स निमूट पोपच्या हाताखाली गेला. तेव्हा तारीख म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हतं.

तोफखाना

मान्य. अधिकार होता. पण तो वापरायचा म्हणजे माजी सभापतीला जाहीरपणे खाली बसवायचं, आणि १८६४ निवडणुकीचं वर्ष. हत्यार म्यानात असणं वेगळं, उपसणं वेगळं.

दप्तरदार

आता व्हर्जिनियातलं शेनान्डोआ खोरं, १८६२. इथली शिवी सगळ्यांना पाठ आहे: 'कमिसरी बँक्स'. दक्षिणेचा सेनापती जॅक्सन, त्याच्या फौजेने बँक्सकडून इतका दारूगोळा, औषधं आणि खाणं मिळवलं की ते त्याला आपला कोठावळा म्हणू लागले. पण झालं काय ते क्रमाने बघा.

मे महिन्यात बँक्सकडची शिल्ड्सची डिव्हिजन काढून दुसरीकडे पाठवली. उरले नऊ-दहा हजार. त्यातले बहुतेक स्ट्रासबर्गला, आणि हजारभर फ्रंट रॉयलला, बारा मैलांवर, मधे मॅसनटन डोंगर. जॅक्सन डोंगराआडून आला आणि २३ मे रोजी फ्रंट रॉयलची तुकडी जवळजवळ आख्खी उचलली. आता तो बँक्सच्या बगलेत आणि परतीच्या वाटेवर. त्या रात्री ब्रिगेडियर गॉर्डन माघारीसाठी विनवत होता आणि बँक्स ऐकेना. शत्रूच्या संगिनींपेक्षा आपल्याच लोकांच्या मताची भीती जास्त, अशा अर्थाचं वाक्य तो त्या वेळी बोलला हे गॉर्डननेच पुढे लिहिलं. राजकारणी जनरल म्हणजे काय हे यापेक्षा नेमकं कुणी सांगितलेलं नाही, आणि ते त्याने स्वतःच सांगून टाकलं!

सकाळी निघाला. २५ मे ला विंचेस्टरला मोडला, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विल्यम्सपोर्टजवळ पोटोमॅकच्या पलीकडे. विंचेस्टरला उत्तरेचे २,००० हून अधिक गेले, त्यात १,७०० च्या वर नुसते कैदी किंवा बेपत्ता. रायफली-बंदुका ९,००० च्या पुढे. तरी पाचशेच्या आसपास गाड्यांपैकी पन्नासेकच गमावल्या असं त्याच्या अहवालात आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. एक रात्र आधी निघाला असता तर कोठावळा झाला नसता.

सीडर माउंटनच्या लढाईवर (९ ऑगस्ट १८६२) कुणी लिहील का? माझा त्यावर फार अभ्यास नाही.

तोफखाना

लिहितो. पोपने कर्नल लुई मार्शलच्या तोंडी हुकूम पाठवला, बँक्सने तो लिहून घ्यायला लावला. लिहिलेल्याचा अर्थ: पुढे व्हा, शत्रू जवळ आला तर हल्ला करा, कुमक मागून येते आहे. पोप नंतर म्हणाला की जागा धरून ठेवायची होती, हल्ला नव्हता करायचा. कागद बँक्सच्या बाजूने आहे. पण साताठ हजार माणसांनिशी, राखीव तुकडी न ठेवता, समोर किती आहेत याचा अंदाज न घेता धडक मारायची हा निर्णय त्याचाच. पहिला तास जॅक्सनची डावी बाजू खरोखर फुटली होती. मग दक्षिणेचा ए. पी. हिल कुमक घेऊन आला आणि मागे टाकायला बँक्सकडे ताजी ब्रिगेड नव्हती. उत्तरेचे सुमारे २,४००, दक्षिणेचे सुमारे १,४००. खोऱ्यातला डाग धुवायची घाई, दुसरं काही नाही.

रानजाई

पोर्ट हडसन माझ्याकडे. डिसेंबर १८६२ मध्ये बँक्सने न्यू ऑर्लीन्सला बटलरची जागा घेतली. मे १८६३ मध्ये त्याने मिसिसिपीवरच्या या किल्ल्याला वेढा घातला. आत दक्षिणेच्या फ्रँकलिन गार्डनरचे सातेक हजार, बाहेर तीस हजारांच्या वर.

२७ मे चा हल्ला का फसला ते शिकण्यासारखं आहे. चार तुकड्यांनी एकदम चढायचं होतं, पण हुकमात ठरावीक घटका नव्हती. "तोफखान्याचा परिणाम झाला की" अशा थाटाची भाषा होती. उजवीकडे वाइट्झेल पहाटेच भिडला आणि दरी-झुडपांत अडकला. डावीकडे टी. डब्ल्यू. शर्मन (तो प्रसिद्ध शर्मन नव्हे) हललाच नाही. बँक्स स्वतः घोड्यावरून बघायला गेला तर तंबू उभे आणि साहेब जेवायला बसलेले. मधली आणि डावी फळी दुपारी उठली, तोवर उजवी थकून पडलेली. गार्डनरला तीच माणसं इकडून तिकडे फिरवून दोनदा वापरता आली. दिवसाचा हिशेब: उत्तरेचे सुमारे २,०००, दक्षिणेचे त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. १४ जूनला पुन्हा तोच प्रकार, आणखी सुमारे १,८००.

२७ मे लाच लुइझियाना नेटिव्ह गार्ड्सच्या पहिल्या आणि तिसऱ्या रेजिमेंट, म्हणजे काळे सैनिक, मोठ्या हल्ल्यात उतरले. पहिल्या रेजिमेंटमध्ये काही अधिकारीही काळे होते. कॅप्टन आन्द्रे काययू तिथे पडला. त्याचा देह वेढा उठेपर्यंत तिथेच होता. न्यू ऑर्लीन्सला त्याची अंत्ययात्रा निघाली २९ जुलैला. बँक्सने अहवालात या रेजिमेंटची मोकळेपणाने तारीफ केली, आणि याच बँक्सने बटलरने नेमलेले काळे अधिकारी एकामागून एक राजीनामे घेऊन घालवले. दोन्ही कागद एकाच माणसाच्या सहीचे.

किल्ला पडला तो व्हिक्सबर्ग ४ जुलैला पडल्यावर. गार्डनरने ९ जुलैला शस्त्रं ठेवली. ४८ दिवस, शेवटी आतली मंडळी खेचरं आणि उंदीर खात होती.

नाम्या

दंडवत _/\_ रानजाई. ते मजुरांचं वेतन प्रकरण काय होतं? बँक्स गुलामगिरीविरोधी होता ना?

रानजाई

विरोधी होता, पण मळे पडीक पडू द्यायला तयार नव्हता. फेब्रुवारी १८६४ च्या त्याच्या हुकमात मजुरांच्या चार प्रती केल्या: महिना ८, ६, ५ आणि ३ डॉलर. शिवाय धान्य, कपडे, राहायला जागा, आजारपणात औषध. फटके बंद. पण एकदा मळा निवडला की वर्षभर तो सोडायचा नाही, आणि सोडला तर प्रोव्होस्ट मार्शल (लष्करी पोलीस अधिकारी) परत आणणार. मालकाला मजूर बांधून मिळाला, मजुराला नावापुरता पगार. उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी याला वेठबिगारी म्हणून झोडपलं. फ्रेडरिक डग्लसही टीकाकारांत होता.

कापूसकोंड्या

सगळे लढाया सांगताहेत, कापसाचं कुणी बोलत नाही. कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि न्यू इंग्लंड आणि लँकेशायर, दोन्हीकडच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या. बँक्स मुळात गिरणीतला पोर, मतदार गिरण्यांचे. टेक्सास आणि रेड रिव्हरचा कापूस बाहेर काढा हा धोशा मॅसॅच्युसेट्सकडूनच होता. त्यापायी सप्टेंबर १८६३ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर सबीन पासला चार गनबोटी आणि पाचेक हजार माणसं पाठवली. तिथे दक्षिणेच्या डिक डाउलिंगने सहा तोफा आणि चाळीस-पंचेचाळीस माणसांनी ती परतवली. चाळीस फक्त! दोन गनबोटी वर पकडून ठेवल्या.

आपल्याकडे याच वर्षांत काय चाललं होतं ते माहीत आहेच. खानदेश, वऱ्हाड, धारवाडचा कापूस मुंबईहून लिव्हरपूलला, आणि भाव गगनाला. आखूड धाग्याचा म्हणून एरवी नाकं मुरडणारे तोच हातोहात उचलत होते. गठ्ठ्यांत सरकी, माती, पाणी इतकं जायला लागलं की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. पैसा बॅकबेच्या भरावात आणि शेअरबाजीत गेला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला मुंबईत दिवाळं वाजलं. प्रेमचंद रायचंदांसकट भलेभले बसले. इकडे बँक आणि तिकडे बँक्स, बुडवलं दोघांनाही कापसानेच.

(कोटी माफ करा.)

दप्तरदार

कोटीला माफी नाही. पण मुद्दा चोख, आणि रेड रिव्हरकडे जायला हाच दरवाजा.

मार्च १८६४. योजना मुळात तोवर सरसेनापती असलेल्या हॅलेकची, ग्रँटला अलाबामातल्या मोबाइल बंदरावर जायचं होतं. बँक्सकडे स्वतःचे वीसेक हजार, शर्मनने उसने दिलेले ए. जे. स्मिथचे दहा हजार (३० दिवसांच्या बोलीवर), आणि नदीतून ॲडमिरल पोर्टरचा ताफा, २१० तोफा. अर्कान्सामधून जनरल स्टील येऊन रेड रिव्हरवरच्या श्रीव्हपोर्टला मिळणार होता. तो पोचलाच नाही. शर्मनचा या मोहिमेवर डोळा होता, पण बँक्स स्वतः जाणार म्हटल्यावर त्याने अंग काढलं. पुन्हा तीच तारीख.

आणि बँक्स निघाला उशिरा. ४ मार्चला न्यू ऑर्लीन्समध्ये लुइझियानाचा गव्हर्नर हान याचा शपथविधी होता, लिंकनच्या दहा टक्के योजनेतलं (दहा टक्के मतदारांनी निष्ठेची शपथ घेतली की त्या राज्यात नवं सरकार) पहिलं फळ. तो सोहळा पार पाडून साहेब २४-२५ मार्चला रेड रिव्हरकाठच्या अलेक्झांड्रियात. तोवर पोर्टरच्या खलाशांनी कापसाचे गठ्ठे धरायला सुरुवात केलेली.

कापूसकोंड्या

तो भाग माझा. आरमाराला युद्धलुटीचा कायदा लागू: धरलेल्या मालाचा लिलाव, त्यातला वाटा अधिकारी आणि खलाशांना, ताफ्याच्या प्रमुखाला विसावा हिस्सा. पायदळाला काही नाही. म्हणून खलाशी गाड्या घेऊन काठापासून मैलोन्‌मैल आत शिरले. खाजगी मळेवाल्याचा गठ्ठा असेल तर आधी त्यावर 'सीएसए' छापायचं, म्हणजे शत्रुसरकारचा झाला. मग त्यावर 'यूएसएन'. पायदळातल्या कुणीतरी त्याची फोड केली: 'कॉटन स्टीलिंग असोसिएशन ऑफ द युनायटेड स्टेट्स नेव्ही'. पुढे याच मोहिमेतले एका बाईंचे ७२ गठ्ठे सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने सांगितलं की जमिनीवर आत जाऊन उचललेला कापूस समुद्री लूट होत नाही. हे सगळं बघून कॉन्फेडरेटांनी (दक्षिणेच्या फौजेने) मागे उरलेला कापूस पेटवून दिला. ज्यासाठी निघाले तोच धुरात.

तोफखाना

मॅन्सफील्ड, ८ एप्रिल. इथे दोष मोजून दाखवता येतात.

ग्रँड एकोरपासून बँक्सने नदी सोडली आणि आतला रस्ता धरला. एका पायलटाने सांगितलं होतं की काठाने रस्ता नाही. पोर्टर दोनच दिवसांनी वर गेला तर काठाने चांगला रस्ता, शेतं, गुरं. बँक्सने घोडेस्वार पाठवून बघायला हवं होतं, ते केलं नाही. गनबोटींच्या २१० तोफा एका झटक्यात बाद.

रस्ता पाइनच्या रानातून, एका गाडीपुरता. रांगेचा क्रम असा: पुढे बँक्सच्याच अल्बर्ट लीचे (तो प्रसिद्ध ली नव्हे) घोडेस्वार, त्यांच्या मागे त्यांच्याच तीनशेवर गाड्या, मग तेराव्या कोअरचं पायदळ, मग आणखी सातशे गाड्या, मग एमोरीची डिव्हिजन, आणि स्मिथची माणसं दिवसभराच्या अंतरावर मागे. लीने गाड्या मागे नेऊ द्या म्हणून विनवलं, त्याच्या वरचा जनरल फ्रँकलिन नाही म्हणाला. दक्षिणेच्या रिचर्ड टेलरने पावणेनऊ हजारांच्या आसपास माणसं समोर उभी केली. एकूण बेरजेत बँक्स दुपटीहून जास्त होता, पण टेलरपुढे एका वेळी पाच हजारांच्या वर येतच नव्हते. पुढची फळी मोडली, मागे वळली तर रस्त्यात गाड्या आडव्या. तोफा तिथेच सोडल्या: २०. गाड्या दीडशेच्या वर, खेचरं हजाराच्या घरात, माणसं सुमारे २,२००.

९ एप्रिलला प्लेझंट हिलला टेलर पुन्हा चालून आला आणि स्मिथच्या माणसांनी त्याला साफ परतवला. जिंकलेली लढाई. रात्री बँक्सने माघारीचा हुकूम काढला. स्मिथ खवळला होता, जखमी मैदानावर टाकून जावं लागलं. पाण्याची टंचाई, रसद, ग्रँटने माणसं परत पाठवायला दिलेली मुदत, ही कारणं होती आणि खोटी नव्हती. तरी जिंकून पळालेला जनरल म्हणून तो कायमचा नोंदला गेला.

पाणकळा

इतका वेळ दबा धरून बसलो होतो. अलेक्झांड्रियाचा बंधारा मी सांगतो, कारण या मोहिमेत बघण्यासारखं काम ते एकच.

आधी पाणी. रेड रिव्हरला दर वसंतात पूर यायचा, त्या साली आला नाही. शिवाय श्रीव्हपोर्टच्या खाली टोन्स बायूपाशी (बायू म्हणजे संथ पाण्याचा फाटा) कॉन्फेडरेटांनी नदीचं पाणी बाजूला वळवलं होतं. पोर्टर १० एप्रिलला लॉगी बायूपाशी पोचला तर 'न्यू फॉल्स सिटी' ही भलीमोठी आगबोट नदीत आडवी बुडवलेली, दोन्ही टोकं दोन्ही काठांवर चढलेली, मधोमध मोडलेली. तिथून तो परतला. उतरताना 'ईस्टपोर्ट' सुरुंगाने फुटली, ती पुन्हा पुन्हा रुतत राहिली, शेवटी २६ एप्रिलला स्वतःच उडवून दिली. अलेक्झांड्रियाला आला तर धबधब्यांवर, म्हणजे खडकाळ उतारावर, ३ फूट ४ इंच पाणी. मोठ्या गनबोटींना हवं ७ फूट. दहा बोटी वर अडकल्या.

जोसेफ बेली, लेफ्टनंट कर्नल, चौथी विस्कॉन्सिन रेजिमेंट. मूळ धंदा लाकूडतोडीचा. ओंडके खाली सोडायला जंगलात नदी अडवून पाणी साठवतात आणि एकदम सोडतात, ते त्याच्या हातातलं काम. वेस्ट पॉइंटच्या इंजिनिअरांनी थट्टा केली. पोर्टरचाही विश्वास नव्हता. बँक्सने मात्र माणसं दिली, सुमारे ३,०००, शिवाय दोनशेवर गाड्या. हे त्याच्या जमेला धराच.

३० एप्रिलला सुरुवात. नदी तिथे ७५८ फूट रुंद, पाणी ४ ते ६ फूट, ओढ ताशी नऊ-दहा मैलांची. डाव्या काठावर रान होतं, तिकडून झाडांचा बांध: आख्खी मोठी झाडं, वर फांद्या, विटा, दगड, आणि सगळ्याला आडव्या ओंडक्यांनी कैची. तो ३०० फूट आत नेला. उजव्या, गावाकडच्या काठाला झाडं नाहीत. तिथे लाकडी खोकी करून त्यांत दगड-विटा भरल्या. विटांसाठी गावातल्या इमारती पाडल्या, साखरेच्या कारखान्यांतली यंत्रं आणून वजनाला टाकली. मधल्या खिंडीत चार मोठ्या कोळशाच्या बार्ज (सपाट मालबोटी) विटांनी भरून बुडवल्या. मेनच्या रेजिमेंटमधले लाकूडतोडे कुऱ्हाडीवर, ९७ व्या आणि ९९ व्या काळ्या रेजिमेंट बांधावर, गळ्यापर्यंत पाण्यात, रात्रंदिवस.

आठ दिवसांत पाणी पाच फुटांहून जास्त चढलं. 'फोर्ट हाइंडमन', 'ओसेज' आणि 'निओशो' या बोटी वरचा उतार उतरून बंधाऱ्यापाशी येऊन थांबल्या. आणि ९ मे च्या पहाटे दाबाने दोन बार्ज सुटल्या.

इथे बारकाईने बघा. बार्ज सुटल्या त्या वाहून गेल्या नाहीत, फुटलेल्या तोंडाच्या खालच्या अंगाला एका बाजूला वळून टेकल्या. त्यामुळे ६६ फुटांचं तोंड म्हणजे कडेला उशी लावलेली घसरगुंडी झाली. पोर्टर घोड्यावर बसून वर धावला आणि 'लेक्सिंग्टन'ला हुकूम दिला. ती पूर्ण वाफेवर सुटली, दोन-तीन गटांगळ्या खाल्ल्या, क्षणभर खडकावर अडकली आणि निसटून खोल पाण्यात. मागून 'निओशो'. तिच्या पायलटचा धीर सुटला, त्याने यंत्र थांबवलं. वेग गेला की सुकाणू चालत नाही. बोट नाकाने पाण्याखाली गेली, बुडाला भोक पडलं, पण वाचली. 'हाइंडमन' आणि 'ओसेज' सुखरूप. ज्यांनी वाफ कमी केली नाही त्या धड उतरल्या, एवढाच फरक.

नाम्या

आणि उरलेल्या सहा? पाणी तर उतरलं असणार.

पाणकळा

उतरलंच. बेलीने तोंड बुजवायचा हट्ट धरला नाही, आणि खरी हुशारी ही. नऊ-दहा मैलांच्या ओढीला सगळं पाणी एकाच भिंतीवर तोलायचं म्हणजे ती पुन्हा फुटणार. त्याने ६६ फुटांचं तोंड तसंच ठेवलं आणि वरच्या उतारावर दोन्ही काठांतून आखूड पंख बांध काढले. प्रवाह मधे एकवटला, आणखी फूटभराहून जास्त पाणी मिळालं. सगळा चढ मिळून साडेसहा फुटांच्या आसपास. तीन दिवसांत झालं.

तोवर बोटी हलक्या केल्या: तोफा, दारूगोळा, साठा काठाने गाड्यांतून खाली नेला, चिलखताच्या लोखंडी पट्ट्या उपसून नदीतल्या खोल डोहात टाकल्या म्हणजे शत्रूला सापडू नयेत, अकरा जुन्या ३२ पौंडी तोफा फोडल्या. आणि हो, कापूसही उतरवला. ११ ते १३ मे दरम्यान 'माउंड सिटी', 'पिट्सबर्ग', 'कॅरोंडेलेट', 'लुइव्हिल', 'चिलिकॉथी' आणि 'ओझार्क' उतरल्या.

आठवड्याभरात सिम्सपोर्टला अटचाफालाया नदी ओलांडायची वेळ आली तेव्हा याच बेलीने वीसेक आगबोटी शेजारी शेजारी बांधून त्यांच्यावरून फळ्या टाकल्या आणि आख्खी फौज गाड्यांसकट पार केली. काँग्रेसने ठरावाने आभार मानले ते बेलीचे.

रानजाई

१३ मे रोजीच अलेक्झांड्रिया जळलं, हे विसरू नका. बँक्सने पहारे ठेवायचा हुकूम दिला होता, पण आवर घालता आला नाही. गावाचा बराच भाग गेला.

दप्तरदार

अटचाफालायाच्या काठावरच कॅन्बी नवा वरिष्ठ म्हणून भेटला. बँक्सला बडतर्फ केलं नाही, पद तेच ठेवून फौज काढून घेतली. त्याच्या जागेवरच एक मोठा विभाग बसवला. ग्रँटला त्याला काढायचंच होतं, पण हॅलेकने कळवलं की हा राष्ट्राध्यक्षांचा राजकीय मित्र, लष्करी गरजेचं स्पष्ट कारण लागेल. नंतर युद्धचौकशी समितीपुढे सगळं निघालं: कापूस, उशीर, गाड्यांची रांग.

पुढचं थोडक्यात. १८६५ अखेरीस पुन्हा प्रतिनिधिगृहात, परराष्ट्र समितीचा अध्यक्ष. १८६६ मध्ये कॅनडातले ब्रिटिश प्रांत सामावून घ्यायचं विधेयक त्याने मांडलं, ते पडून राहिलं. अलास्का खरेदीच्या पैशांची बाजू मात्र नेटाने लढवली. १८७२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ग्रँटविरुद्ध ग्रीलीकडे गेला आणि जागा घालवली. पुन्हा आला, पुन्हा गेला, नऊ वर्षं मॅसॅच्युसेट्सचा यूएस मार्शल, १८८९ ते ९१ शेवटची मुदत. १ सप्टेंबर १८९४ ला वॉल्थममध्येच गेला.

नाम्या

वाखूसा (वाचनखूण साठवली). रच्याकने (बाय द वे), तो बंधारा अजून दिसतो का?

पाणकळा

विसाव्या शतकातही पाणी फार उतरलं की ओंडके आणि खोक्यांचे सांगाडे वर यायचे, त्यांची मोजमापं आणि नोंदी झाल्या आहेत. पुढे रेड रिव्हर जहाजांसाठी बारमाही करायला नदीवर लॉक आणि धरणं बांधली. तेव्हापासून तिथे कायम खोल पाणी असतं आणि बेलीचा बंधारा त्याच्या तळाशी आहे.